अभियांत्रिकी तंत्रज्ञानाच्या पदवीची पूर्वतयारी: आकडा आणि वस्तू यांची गाठ

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते शिक्षक शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांना गणित आणि भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांचे काही विद्यार्थी अभियांत्रिकी तंत्रज्ञानाच्या पदवीकडे वळतात, पण परीक्षेत उत्तम गुण मिळवलेले विद्यार्थीही महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात अडखळतात. म्हणून त्यांनी विचारले आहे की या दोन वर्षांत काय करून घ्यावे, पुढचा अभ्यासक्रम आधीच शिकवायला घ्यावा का, आणि ज्याचा हात चांगला आहे पण गणित कच्चे आहे अशा विद्यार्थ्याला या वाटेने जाऊ द्यावे का.

मी आधी यंत्रशाळेत काम केले आणि नंतर बरीच वर्षे पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळा सांभाळल्या. त्या अनुभवावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो: पुढचा अभ्यासक्रम आधी शिकवू नका. महाविद्यालयात तो पुन्हा शिकवला जातोच, आणि अर्धवट शिकलेला विषय आपल्याला येतो असे वाटल्यामुळे विद्यार्थी पहिले काही आठवडे लक्ष देत नाही. ते आठवडे नंतर भरून निघत नाहीत. विद्यार्थी अडखळतो तो न शिकलेल्या धड्यांमुळे क्वचितच. कागदावरचा आकडा आणि टेबलावरची वस्तू यांची त्याच्या मनात कधी गाठच पडलेली नसते, हे खरे कारण आहे.

ही गाठ या शाखेत इतकी महत्त्वाची का, हे कळण्यासाठी शाखेचा उगम थोडा पाहावा लागतो. अमेरिकेत १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रिंटर अहवालाने अभियांत्रिकीचे शिक्षण अधिक विज्ञाननिष्ठ आणि गणितप्रधान करण्याची शिफारस केली. त्यानंतर अनेक महाविद्यालयांत कार्यशाळेचे आणि प्रत्यक्ष कामाचे तास कमी होत गेले, आणि ती रिकामी झालेली जागा अभियांत्रिकी तंत्रज्ञानाच्या पदव्यांनी भरून काढली. पुढे एका देशातले शिक्षण दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्याचे, परस्पर मान्यतेचे आंतरराष्ट्रीय करार झाले तेव्हाही हा फरक राखला गेला: अभियंत्यांच्या शिक्षणासाठी १९८९चा वॉशिंग्टन करार, तंत्रज्ञानाच्या पदवीधरांसाठी २००१चा सिडनी करार आणि तंत्रज्ञांसाठी २००२चा डब्लिन करार. तेव्हा ही शाखा म्हणजे ‘सोपी अभियांत्रिकी’ असे आपल्या विद्यार्थ्यांना कोणी सांगत असेल, तर तो समज आधी दूर करावा. येथे सिद्धांत वापरायचा असतो तो प्रत्यक्ष यंत्र, विजेचे मंडल (सर्किट) किंवा सांधा समोर ठेवून, आणि ती वस्तू पुस्तकाप्रमाणे वागत नाही.

याचे एक उदाहरण मी अनेक वर्षे पहिल्याच प्रात्यक्षिकात वापरले. एक मेगाओहमचे दोन रोध एकसर जोडणीत लावून त्यांना १० व्होल्ट द्यायचे आणि मधल्या बिंदूचे विभवांतर मल्टिमीटरने मोजायचे. रोध सारखे असल्याने उत्तर ५ व्होल्ट, हे प्रत्येकाला ठाऊक असते. मीटर मात्र ४.७६ च्या आसपास दाखवतो. बहुतेक वह्यांत मला ‘५.००’ असे सुबक अक्षरात लिहिलेले आढळे, काही जण रोध बदलून पाहत, तर काही जण मीटर बिघडल्याची तक्रार करत. मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, तो खालच्या रोधाला समांतर लागतो, त्यामुळे खालचा रोध प्रत्यक्षात सुमारे ०.९१ मेगाओहम होतो आणि गणिताने उत्तर नेमके ४.७६ येते. येथे लागणारे गणित शाळेतलेच आहे. विद्यार्थ्याजवळ नसते ते इतकेच, की दिसलेला आकडा अपेक्षेशी जुळत नसेल तर तो खोडायचा नसतो, त्याचे कारण शोधायचे असते. आपल्या दोन वर्षांत एवढी एक सवय लागली तरी फार मोठे काम होईल.

ती सवय लावण्याची माझी पद्धत अगदी साधी आहे. प्रत्येक प्रयोगाआधी विद्यार्थ्याने अपेक्षित उत्तर शाईने लिहावे, मग मोजमाप घ्यावे, आणि फरक पडल्यास त्याचे शक्य कारण एका वाक्यात नोंदवावे. वही एकच असावी. कच्च्या वहीत आकडे घ्यायचे आणि घरी जाऊन पक्क्या वहीत ‘नीट’ उतरवायचे, ही पद्धत मला विशेष घातक वाटते, कारण या उतरवण्यातच ४.७६ चे ५.०० होतात. चुकलेला आकडा एका रेघेने खोडावा, पण तो वाचता आला पाहिजे. गुण देताना बरोबर उत्तरापेक्षा प्रामाणिक नोंदीला अधिक वजन द्यावे, आणि ते आपण देतो आहोत हे वर्गाला स्पष्टपणे सांगावे. विद्यार्थी आपल्या बोलण्यापेक्षा आपल्या गुणदानाकडे पाहून वागतात.

मोजमाप हा या तयारीचा कणा आहे, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. व्हर्निअर कॅलिपर वाचता येतो, पण तो का चालतो हे सांगता येत नाही, असे विद्यार्थी मी शेकड्यांनी पाहिले आहेत. पुठ्ठ्याची एक मोठी प्रतिकृती त्यांच्याकडून करून घ्यावी: मुख्य पट्टीवर एकेका सेंटिमीटरच्या खुणा, आणि सरकत्या पट्टीवर ९ सेंटिमीटर लांबीचे १० सारखे भाग. सरकत्या पट्टीचा प्रत्येक भाग ९ मिलिमीटरचा असल्याने दोन खुणांमधला फरक १ मिलिमीटर येतो, आणि तेच तिचे लघुत्तम माप, म्हणजे तिने मोजता येणारी सर्वांत लहान लांबी, ठरते. हे स्वतः आखून, कापून, सरकवून पाहिले की ०.०२ मिलिमीटरचा खरा कॅलिपर हातात घेताना गूढ उरत नाही. मायक्रोमीटरचेही तसेच. स्क्रू एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर पुढे सरकतो आणि फिरत्या नळीवर ५० खुणा असतात, म्हणून एक खूण म्हणजे ०.०१ मिलिमीटर, हे विद्यार्थ्याने स्वतः काढावे.

त्यानंतर एकच धातूची कांडी दहा जणांनी, एकमेकांचे आकडे न पाहता, मोजावी. दहा आकडे एक येत नाहीत, आणि वर्गात पहिला प्रश्न येतो: ‘मग बरोबर कोणता?’ त्या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. सरासरी, विखुरणे, उपकरणाची शून्य त्रुटी, हाताचा दाब, कांडीची स्वतःची असमानता, या सर्व गोष्टी त्या एका प्रश्नातून निघतात. पोलादाची १ मीटर लांबीची कांडी तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले तर सुमारे ०.१२ मिलिमीटरने लांबते, हे त्यांच्याकडून प्रसरणाच्या सूत्राने काढून घ्यावे आणि मग लांबीच्या मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान का ठरवावे लागले ते विचारावे. येथेच टॉलरन्सची, म्हणजे मापात चालू शकणाऱ्या फरकाची, कल्पना सहज येते. २५ मिलिमीटर व्यासाच्या छिद्राला ‘एच७’ असा टॉलरन्सचा प्रमाणित निर्देश असेल, तर ते छिद्र २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर या मर्यादेत असले की चालते. अचूक २५ असे माप कोणत्याही यंत्रावर करता येत नाही, आणि कोणी मागतही नाही. किती चुकले तर चालेल हे आधी ठरवून तेवढ्यात काम करणे, हा या व्यवसायाचा रोजचा भाग आहे, आणि शालेय गणिताने तो विद्यार्थ्याला कधीच सांगितलेला नसतो.

आता गणिताकडे येतो. पालकांना आणि काही शिक्षकांनाही कलनाची (कॅल्क्युलसची) भीती वाटते. माझ्या अनुभवात कलनामुळे नापास झालेले विद्यार्थी थोडे, आणि अपूर्णांक, घातांक, गुणोत्तर व सूत्राची मांडणी बदलणे यांत अडकलेले फार. समांतर जोडणीतले १०० ओहमचे दोन रोध दिले की एक छेद शंभर अधिक एक छेद शंभर, म्हणजे ०.०२, असे करून तेथेच थांबणारा विद्यार्थी दरवर्षी भेटतो. शेवटचा व्यस्त घ्यायचा राहून गेला, ही चूक क्षम्य आहे. पण प्रवाहाला दोन सारख्या वाटा मिळाल्या म्हणजे रोध निम्मा, ५० ओहम व्हायला हवा, हे त्याच्या ध्यानात येत नाही आणि ०.०२ ओहमखाली तो निश्चिंतपणे दोन रेघा ओढतो, याची मला खरी काळजी वाटते. यावर उपाय म्हणून अक्षरी सूत्रे रोज थोडी सोडवून घ्यावीत. हवी ती राशी आधी अक्षरांतच एका बाजूला आणावी, आकडे अगदी शेवटी घालावेत, आणि उत्तर लिहिण्यापूर्वी ते अंदाजे किती असावे हे तोंडी सांगावे. कॅल्क्युलेटर त्यानंतर.

आलेखांवर विशेष भर द्यावा, कारण पहिल्या वर्षातले बरेच निष्कर्ष आलेखाच्या चढावरून काढायचे असतात. साधा लंबक यासाठी उत्तम आहे. पाव मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल जवळजवळ १ सेकंद आणि १ मीटर लांबीच्या लंबकाचा सुमारे २ सेकंद येतो. लांबी चौपट, वेळ दुप्पट. लांबी आणि आवर्तकाल यांचा आलेख वाकडा येतो, पण आवर्तकालाचा वर्ग घेतला की सरळ रेषा मिळते आणि तिच्या चढावरून गुरुत्व त्वरण काढता येते. चढाला एकक असते, येथे ते सेकंदाचा वर्ग प्रति मीटर असे आहे, ही गोष्ट अनेकांना पहिल्यांदाच कळते. एका आंदोलनाऐवजी वीस आंदोलनांचा वेळ घेऊन वीसने भागल्यास हाताच्या चुकीचा वाटा का घटतो, हेही याच प्रयोगात करून दाखवावे. त्रिकोणमितीत बल आणि वेग यांचे घटक काढता आले, लॉगॅरिदममध्ये १० डेसिबल म्हणजे शक्ती दहापट आणि ३ डेसिबल म्हणजे जवळजवळ दुप्पट एवढे कळले, आणि कलनात चढ म्हणजे बदलाचा दर व आलेखाखालचे क्षेत्र म्हणजे साठत जाणारी राशी एवढा अर्थ मनात बसला, तर शाळेच्या पातळीवर मी समाधानी असेन.

एककांच्या बाबतीत मात्र कठोर राहावे. एककाशिवाय लिहिलेल्या उत्तराला मी शून्य गुण देत असे आणि त्याबद्दल मला कधी पश्चात्ताप झाला नाही. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे अंतराळयान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झाले, कारण जमिनीवरच्या एका संगणकप्रणालीने आवेगाचे आकडे पाउंड-बल सेकंदात दिले आणि दुसऱ्या प्रणालीने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. दोन्हींत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. यान ठरलेल्या सुमारे २२६ किलोमीटर उंचीऐवजी मंगळापासून सुमारे ५७ किलोमीटरवरून गेले. हे वर्गात सांगताना केवळ गोष्ट म्हणून सांगू नये. एक पाउंड-बल म्हणजे किती न्यूटन हे विद्यार्थ्यांकडून किलोग्रॅम आणि गुरुत्व त्वरण वापरून काढून घ्यावे, म्हणजे तो ४.४५ त्यांच्या हातून फळ्यावर येतो.

यापुढचा भाग आरेखनाचा आहे, आणि संगणकावर चित्रे काढण्याच्या आज्ञावली आल्यापासून त्याची उपेक्षा वाढली आहे. आज्ञावली रेषा सरळ काढून देते, पण त्रिमितीत पाहण्याची शक्ती देत नाही. ही शक्ती जन्मजात असते आणि नसली तर उपाय नाही, असा समज पुष्कळ वर्षे होता. मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९० च्या दशकात या शक्तीसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम चालवला आणि सरावाने ती वाढते हे दाखवून दिले. त्यांच्या कामाचा गाभा मुक्तहस्त रेखाटन हा आहे, आणि तो आपल्याला कोणत्याही वर्गात करता येतो. लाकडी ठोकळे रचून समोरून, वरून आणि बाजूने दिसणारी दृश्ये पेन्सिलीने काढावीत, मग उलट, तीन दृश्यांवरून ठोकळे रचावेत. मुलींना लहानपणी जोडकामाची खेळणी कमी दिली जातात आणि त्याचा परिणाम येथे दिसतो. म्हणून या सरावात त्या मागे बसणार नाहीत, याकडे मी स्वतः लक्ष देत असे.

आरेखन आणि यामिकी यांची सांगड घालण्यासाठी मी एक दुर्घटना शिकवतो. जुलै १९८१ मध्ये कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलात एकाखाली एक टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ रचनेत छतापासून खाली येणारी लांब सळई वरच्या पुलातून पार होऊन खालच्या पुलापर्यंत जात होती, त्यामुळे वरच्या पुलाखालचे नट फक्त वरच्या पुलाचा भार घेत. काम सोपे व्हावे म्हणून एका सळईच्या दोन करण्यात आल्या आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईलाच टांगला गेला. कागदावर हा बदल किरकोळ दिसतो. विद्यार्थ्यांना दोन्ही रचना काढायला सांगाव्यात आणि वरच्या नटापाशी फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे त्यावर लागणाऱ्या सर्व बलांची आकृती, मांडायला लावावी, म्हणजे त्या नटावरचा भार दुप्पट झाला हे कोणी न सांगता दिसते. मूळ रचनेचा सांधाही पुरेसा मजबूत नव्हता, हे नंतरच्या चौकशीत आढळले. चित्रातली एक लहान रेघ बदलताना कोणते गणित पुन्हा करावे लागते, हे या मुलांना पुढे आयुष्यभर पाहायचे आहे. त्याची सुरुवात शाळेत व्हावी असे मला मनापासून वाटते.

संगणकाविषयी थोडक्यात. कोणतीही एक भाषा, बहुधा पायथन, आणि स्प्रेडशीटमध्ये सूत्रे व आलेख एवढे पुरे. मात्र संगणकालाही वस्तूशी जोडावे. ५ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलर (छोट्या संगणक-चिपच्या) पाटीवरचा, विभवांतराचे आकड्यात रूपांतर करणारा १० बिटांचा परिवर्तक ० ते १०२३ असे आकडे देतो, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. एलएम३५ हा तापमानाचा संवेदक अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, तेव्हा एक पायरी जवळजवळ अर्ध्या अंशाची झाली. तरीही पडद्यावर ‘२७.४३’ असे उमटते आणि विद्यार्थी ते चारही अंक भक्तिभावाने उतरवून घेतो. त्यांतले किती अंक खरे, हे त्याच्याकडूनच काढून घ्यावे. पुठ्ठ्याच्या व्हर्निअरवर जे शिकले तेच येथे पुन्हा लागते.

कार्यशाळेतली शिस्त हा वेगळा धडा मानू नये, ती पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडावी. फिरत्या यंत्रावर हातमोजे, सैल बाह्या आणि मोकळे केस नकोत, डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा असावा, लेथच्या चकची (काम पकडून फिरवणाऱ्या भागाची) किल्ली हातातून सुटण्याआधी चकमधून निघालेली असावी, आणि वीज बंद केली तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये प्रभार शिल्लक असू शकतो हे लक्षात ठेवावे. हे नियम पाठ करून घेण्यापेक्षा प्रत्येक नियमामागे कोणती इजा आहे ते स्पष्ट सांगावे.

शेवटी, हात चांगला पण गणित कच्चे असलेल्या विद्यार्थ्याविषयी. त्याला अडवू नका, पण गणिताशिवाय निभेल असे खोटे आश्वासनही देऊ नका, कारण ते निभत नाही. माझ्याकडे असा एक विद्यार्थी होता. कोणतेही बंद पडलेले यंत्र तो आवाजावरून ओळखत असे, पण समीकरण दिसले की त्याची मान खाली जाई. त्याला मी वर्गातली उदाहरणे देणे थांबवले आणि एक विजेची किटली दिली. किटलीवर २००० वॅट लिहिले आहे, १ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला किती वेळ लागेल, एवढाच प्रश्न. पहिल्या दिवशी त्याने घड्याळ लावून मोजले आणि सव्वातीन मिनिटे सांगितली. गणिताने काढायला त्याला दोन दिवस लागले: लागणारी ऊर्जा सुमारे ३३५ किलोज्यूल, म्हणून वेळ सुमारे १६८ सेकंद, म्हणजे पावणेतीन मिनिटांपेक्षा किंचित जास्त. मग तो आपणहून विचारत आला की उरलेली ऊर्जा गेली कुठे. किटलीचा धातू, वाफ, भिंतींतून जाणारी उष्णता, या प्रत्येकाचा हिशेब त्याला हवा होता आणि त्यासाठी लागणारे बीजगणित तो कुरकुर न करता करू लागला.

अशा विद्यार्थ्यासाठी आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावरचा एक तास राखून ठेवावा. त्या तासाचा निम्मा वेळ मोजण्यात आणि निम्मा वेळ ते मोजमाप गणिताने गाठण्यात जावा, आणि क्रम नेहमी हाच असावा: आधी वस्तू, मग आकडा. इतर विद्यार्थ्यांसाठी मी वर जो क्रम सांगितला, आधी अंदाज आणि मग मोजमाप, तो या मुलासाठी वर्षभरानंतर सुरू करावा. तोपर्यंत स्वतःच्या हाताने घेतलेल्या मोजमापावर त्याचा जो विश्वास बसलेला असतो, त्याच्या आधाराने तो अंदाज चुकण्याची भीती सोडू लागतो.